मुक्ताच्या फणसाची कुंडी

आमच्या घरच्या गणपतीचं विसर्जन या वर्षी दोनदा झालं. पहिलं बादलीत झालं, ते रीतसर. दुसरं खाडीत झालं, आणि त्यात मीही होते.

मुक्ता, अर्णव, तुमच्या बाबाने तुम्हांला याची जी हकीकत सांगितली आहे ती त्याने आजोबांकडून ऐकलेली आहे, आणि आजोबांच्या हकिकतीत मी पाण्यात मगरीसारखी झेपावते. (मी झेपावले नव्हते. मी पायऱ्या उतरून गेले होते. शेवटची पायरी तिथे नव्हती, हा भाग वेगळा.) म्हणून खरं काय घडलं ते मीच नीट, क्रमाने लिहून पाठवते आहे.

सुरुवात मुक्तापासून होते. मे महिन्यात तुम्ही बोरिवलीला आला होतात, तेव्हा मुक्ताने फणस खाल्ला, हाताला तेल न लावता खाल्ला, आणि चिकट बोटांनी एक आठळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पुरली. तुम्ही कॅनडाला परत गेलात आणि मागाहून आठळीने डोकं वर काढलं. गणपतीपर्यंत रोप चांगलं वीतभर झालं. डब्याचा तळ गंजला, मुळं खालून बाहेर डोकावू लागली, आणि पानं कडेने पिवळी पडायला लागली. झाडाला जागा हवी होती, आणि लवकर हवी होती.

फणस हे गॅलरीत राहणारं झाड नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून मी आधी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, कदमांकडे, गेले. आमच्या इमारतीभोवती चिमूटभर माती शिल्लक नाही. सगळीकडे पेव्हर ब्लॉक. पाऊस पडला की पाण्यालाही कुठे जावं ते कळत नाही.

"कदम, कुंपणाच्या भिंतीजवळचे चार ब्लॉक काढू देता का? नातीचं फणसाचं झाड आहे."

"मॅडम," कदम अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आज तुम्हांला चार ब्लॉक दिले, तर उद्या तिसऱ्या मजल्यावाले स्विमिंग पूल मागतील."

झालं. राहिली कुंडी. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी मुक्ताला सांगितलं, "तुझ्या झाडाला आता नर्सरीतून छान मोठी कुंडी आणते हं."

"विकतची नको, आजी. तू बनव. तू सगळं बनवतेस."

आता लोणचं, स्वेटर आणि वेळापत्रक यांपलीकडे मी आयुष्यात काही बनवलेलं नाही. पण सहा वर्षांची नात समुद्रापलीकडून असं म्हणाली की माणसाची विवेकबुद्धी सुटीवर जाते. मी म्हणाले, "बनवते. दिवाळीच्या आत बनवते." मागे वर्तमानपत्र वाचत बसलेले आजोबा खोकले. तो खोकला मी ओळखते. लग्नात मी उखाणा विसरले होते तेव्हाही ते असेच खोकले होते.

माती कुठून आणायची, हा प्रश्न बादलीने सोडवला. तुम्हांला ठाऊक आहे, आपला गणपती शाडूच्या मातीचा आणि दीड दिवसाचा. त्याला आपण घरीच बादलीत निरोप देतो. दोन दिवसांत मूर्ती विरघळते आणि ते पाणी, ती माती गॅलरीतल्या झाडांना जाते. या वर्षी मी वरचं पाणी झाडांना घातलं आणि माती ठेवून घेतली.

"अगं, पण ती बाप्पाची माती!" आजोबा म्हणाले.

"दरवर्षी झाडाखाली जातेच ना? या वर्षी झाडाभोवती जाईल. अंतर फक्त चार बोटांचं."

यावर आजोबांना उत्तर सुचलं नाही. (त्यांना ते सुचलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. त्यामुळे चूक त्यांचीच आहे.)

शिकवायला होती माझी ऑफिसातली जुनी मैत्रीण फिलोमिना. खाडीपलीकडे गोराईच्या गावठाणात तिचं घर आहे. मागच्या परसात ती हातानेच कुंड्या, दिवे, पक्ष्यांना पाणी प्यायची भांडी बनवते आणि नारळाच्या सोडणांच्या जाळात भाजते. तिने फोनवरच धडा दिला.

"चाक-बिक काही लागत नाही गं. मातीच्या लांब वळ्या कर, चकलीसारख्या. गोल फिरवत एकावर एक चढव, आणि बोटांनी आतून-बाहेरून सांधे मिटव. विटेचा चुरा मिसळ, नाहीतर भाजताना तडकेल. सुकली की माझ्याकडे आण, मी भाजते. आणि ऐक, भाजेपर्यंत तिला पाणी लागू देऊ नकोस. कच्ची माती पाण्यात गेली की गेली! समजलं?"

"समजलं. मी लिहून घेतलंय."

"तू लिहून घेतेस म्हणूनच मला भीती वाटते," फिलोमिना म्हणाली.

माझी पहिली कुंडी बसली. म्हणजे अक्षरशः मांडी घालून बसली. दुसरीच्या वेळी मी फूटपट्टीने प्रत्येक वळीची जाडी मोजली. ती सरळ उभी राहिली आणि माझी पाठ वळताच एका कुशीवर झोपली. तिसरी मात्र उभी राहिली. किंचित डावीकडे झुकून, कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकत असल्यासारखी, पण उभी! मी तिला गॅलरीत स्टुलावर सुकायला ठेवलं. मातीकामावरचं एक इंग्रजी पुस्तक मी मागवलं होतं. त्यात लिहिलं होतं की कुंडी सुकताना तिला कुणी हात लावू नये, तिला शांतपणे एकटं सोडावं. पुस्तकाचे लेखक आमच्या इमारतीत कधी राहिलेले नसणार.

कारण आजोबांनी दूध आणायला जाताना समोरच्या सावंत वहिनींना सांगितलं, "बाप्पाच्या मातीचं काहीतरी करतेय ही." सावंत वहिनी मूळच्या मालवणकडच्या. आमचा दरवाजा त्यांच्यासाठी दरवाजा नाही, नुसता उंबरा आहे.

"खंय असा गो?" म्हणत त्या गॅलरीत आल्या आणि कुंडी दिसताच चपला काढून हात जोडले. "अगो बाय माझ्या! देवाच्या मातीक देवाचोच आकार इलो हा. ही बघ, ही सोंड!"

"ती सोंड नाही, वहिनी. तिथे माझा हात घसरला."

"तुझो हात घसरलो? तेनीच घसरवल्यान!"

त्या दिवसापासून कुंडीला माणसांची रीघ लागली. सकाळी कुणीतरी जास्वंद वाहून जायचं. जास्वंद ओली असायची, आणि फुलाच्या आकाराचा डाग मातीवर उठायचा. मग दुर्वा आल्या. मग कुणीतरी कुंडीत खडीसाखर ठेवली, आणि तिच्यामागोमाग मुंग्याही शिस्तीत, रांगेने, दर्शनाला आल्या! मी लाकडी पट्टीने कुंडीची कड सारखी करायला गेले तर आजोबा कळवळून म्हणाले, "हळू गं! लागेल!"

"कुणाला?"

"...कडेला," ते म्हणाले.

पाणी निघून जायला तळाला भोक पाडायचं होतं. ते मी सगळे दुपारचे झोपलेले असताना, चोरासारखं पाडलं. आणि यापुढे गोंधळ नको म्हणून मी शुद्ध मराठीत, सुवाच्य अक्षरात एक पाटी लावली: "कृपया हात लावू नये. लांबूनच पाहावे." माझ्या मते यात काही संदिग्ध नव्हतं. पण पाटी वाचून लोकांनी काय करावं? त्यांनी लांबूनच दर्शन घ्यायला सुरुवात केली, आणि फुलं फेकून वाहायला लागले!

"आता हिच्यात खत घालणार आहे मी," मी सावंत वहिनींना ठणकावून सांगितलं.

"खत? देवाच्या मातीत शेण घालतलंस तू?" त्या मटकन खुर्चीत बसल्या. मला त्यांना पाणी द्यावं लागलं. (कुंडीपासून लांब नेऊन.)

इकडे फणसाची पानं गळायला लागली. कुंडी कडकडीत सुकली होती, दिवाळी तोंडावर आली होती. मी ठरवलं, आता हिला इथून हलवायचं आणि भाजून आणायचं. त्यासाठी मी जी व्यवस्था केली तिच्यात मला तेव्हा एकही दोष दिसला नव्हता. तळ सपाट राहावा म्हणून कुंडी लाकडी पाटावर ठेवली. धूळ बसू नये म्हणून वरून स्वच्छ रुमाल घातला. पाट आजोबांनी दोन्ही हातांत धरला. ऊन होतं म्हणून त्यांनी पांढरी टोपी घातली, आणि उकडत होतं म्हणून सुती झब्बा. सावंत वहिनी "मी एकट्या तुमका सोडूचंय नाय" म्हणून सोबत निघाल्या आणि हातात नारळ घेऊन आल्या. (नारळ फिलोमिनासाठी होता. रिकाम्या हाताने कुणाकडे कसं जायचं!)

पाट, रुमाल, टोपी, झब्बा, नारळ. हे सगळं एकत्र कसं दिसतं, हे मला रिक्षातून गोराईच्या जेट्टीवर उतरल्यावर कळलं. पलीकडे जायची लाँच यायची होती. धक्क्यावर पाच-सहा तरुण मुलं उभी होती. आम्हांला बघून त्यांनी बोलणं थांबवलं आणि अदबीने वाट करून दिली.

"काकू, विसर्जन राहिलं होतं का?" एकाने हळूच विचारलं. घरात काही दुःखाचं घडलं असेल, असा त्याचा चेहरा.

"नाही रे, हे भाजायला चाललोय."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "काय? भाजायला?"

"अरे, बाप्पाचीच माती असा ती," सावंत वहिनी मदतीला धावल्या. त्यांनी मदत केली नसती तर बरं झालं असतं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आजी-आजोबांचं वय झालंय, काहीतरी घोटाळा करताहेत, आणि आपण इथे असताना तो होऊ देणं बरोबर नाही, असं सगळं त्या एका नजरेत ठरलं. किती चांगली मुलं होती ती! मला अजून त्यांचा राग येतो.

"काका, तुम्ही पाण्यात नका उतरू, घसरण आहे. द्या इकडे. आम्ही करतो व्यवस्थित."

"अहो, ते तसं नाहीये," आजोबांनी तोंड उघडलं होतं. त्यांना वाक्य पुरं करता आलं असतं तर हे लिखाण इथेच संपलं असतं. पण तेवढ्यात त्यांच्यातला एक पोरगा छाती भरून ओरडला, "गणपती बाप्पा..."

आता मला सांगा, यावर मराठी माणूस काय करणार? तुमचे आजोबा, ज्यांनी चाळीस वर्षं बँकेत आवाज चढवला नाही, ते दोन्ही हात वर करून ओरडले, "मोरया!" दोन्ही हात! पाट हवेत सुटला, पोरांनी तो अलगद झेलला आणि ती पायऱ्यांकडे वळली. "थांबा" म्हणायचं काम आता माझं होतं. मी पूर्ण श्वास घेतला. "मंगलमूर्ती..." पोरगा ओरडला, आणि सगळ्या धक्क्यावर सर्वांत मोठ्याने, सर्वांत स्पष्ट उच्चारात जो "मोरया!" उमटला, तो माझा होता.

मी शपथेवर सांगते, मला तसं म्हणायचं नव्हतं. तोंडाने परस्पर म्हणून टाकलं. सावंत वहिनींनी तर डोळे मिटून टाळ्या वाजवत आरती सुरू केली, धक्क्यावरच्या माणसांनी मागून सूर धरला, आणि आरती संपेपर्यंत थांबायचं असतं म्हणून ती गुणी मुलं कुंडी घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पाट एव्हाना पाण्याखाली गेला होता. फिलोमिनाचा आवाज माझ्या कानात घुमला: पाण्यात गेली की गेली!

मला मुक्ताचं पिवळं पडलेलं रोप दिसलं. मी निऱ्या वर खोचल्या आणि पायऱ्या उतरू लागले. (शेवटच्या पायरीबद्दल वर सांगितलंच आहे.) क्षणात मी कमरेपर्यंत खाडीत होते आणि एक चप्पल चिखलाने कायमची ठेवून घेतली होती.

"ती कुंडी आहे रे!" मी ओरडले. "कुंडी! फणसाची! माझ्या नातीच्या फणसाची!"

आरती थांबली. मुलांनी घाबरून कुंडी झटकन वर उचलली. कुंडी वर आली. तळ आला नाही. तो खाडीतच राहिला, आणि पाटावरून पांढरट पाणी होऊन माझ्याभोवती पसरत गेला.

"सॉरी काकू," रुमाल हातात धरलेला मुलगा म्हणाला. "आधी सांगायचं ना!"

त्या मुलांनीच मला ओढून वर काढलं. त्यातला एक मला उचलताना सवयीने "पुढच्या वर्षी" एवढं म्हणाला आणि मित्राने कोपर मारल्यावर गप्प झाला.

लाँचने आम्ही खाडी ओलांडली. पलीकडे फिलोमिना उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओली साडी, एक चप्पल, केसांत जास्वंद. (ती कुठून आली, देव जाणे.) मग तिने पाटावरचा रुमाल उचलून कुंडीकडे पाहिलं.

"ही काय कुंडी? ही तर बांगडी!"

मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. मी तिच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले, "फिलू, ते झाड मरेल गं. आणि पोरगी मला रविवारी विचारेल."

"चल, उठ. आधी कपडे बदल," फिलोमिना म्हणाली. "झाडाला तळ कशाला लागतो? तळ आपल्याला लागतो. जंगलात फणसाखाली कुणी बशी ठेवलीय?" तिने तारेने खालची भिजलेली कड सरळ कापून टाकली आणि उरलेलं कडं सावलीत ठेवलं. "हिला परत सुकू दे, मग भाजते. फक्त झाड जमिनीत लाव, आणि हे त्याच्याभोवती ठेव. कडं छान होईल."

"जमीनच नाहीये ना! पेव्हर ब्लॉक आहेत."

इतका वेळ अपराधी चेहऱ्याने बसलेल्या सावंत वहिनी एकदम ताठ झाल्या. "तां माझ्यार सोड," त्या म्हणाल्या.

आठवडाभराने कडं भाजून आलं. तांबूस, एका बाजूला धुराने काळपट, आणि हात घसरलेली ती जागा जशीच्या तशी. सावंत वहिनींनी ते माझ्या हातातून घेतलं आणि थेट कदमांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे.

"कदमांनू, ह्या बाप्पाच्या मातीचा असा. भाजलेला. खंय ठेवूया, सांगा."

कदम चपला काढून बाहेर आले. त्यांनी कड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "वहिनी, पेव्हर ब्लॉकवर कसं ठेवणार? गाड्यांची चाकं जातात तिथे. बरं दिसत नाही."

"मगे?"

कदमांनी डोकं खाजवलं. तिसऱ्या मजल्याचा स्विमिंग पूल त्यांच्या डोळ्यांसमोरून तरंगत गेला असावा. "भिंतीजवळचे ब्लॉक काढू," ते शेवटी म्हणाले. "चार कशाला, चांगले आठ काढू. फणसाला पसरायला लागतं."

मी आ वासून बघत राहिले. माझ्या अर्जाला, माझ्या मुद्देसूद बोलण्याला जे जमलं नाही ते तळ नसलेल्या एका कड्याने केलं! त्याच संध्याकाळी ब्लॉक निघाले. खाली माती होती. काळी, ओलसर, इतकी वर्षं गप्प बसून राहिलेली. डबा कापून रोप मुळांसकट अलगद उतरवलं, भोवती कडं ठेवलं, आणि कदमांनी स्वतः पहिलं पाणी घातलं. शेणखतही घातलं. सावंत वहिनी तेवढ्यापुरत्या दुसरीकडे बघत होत्या.

मुक्ता, तुझ्या फणसाला आता नवी पालवी आली आहे. तू परत येशील तेव्हा तो तुझ्या खांद्याला लागेल. रविवारी तू फोनवर झाड बघून टाळ्या वाजवल्यास आणि मग विचारलंस, "पण आजी, झाड तर जमिनीत आहे. मग तू काय बनवलंस?" त्यावर आजोबा खोकले. मी अजून उत्तर शोधते आहे. सापडलं की कळवते.

मात्र सगळं व्यवस्थित पार पडल्याचा एक परिणाम मला अनपेक्षित होता. झाड आपल्या गॅलरीच्या बरोबर खाली आहे. सकाळी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहिले की येणारे-जाणारे थांबायचे, माझ्या दिशेने वळायचे आणि हात जोडायचे. पेपरवाला, कॉलेजला निघालेल्या मुली, स्वतः कदमसुद्धा! सुरुवातीला मला संकोच वाटला. मग बरं वाटायला लागलं. म्हटलं, इतकी वर्षं शिस्तीने, नीटनेटकं वागल्याची लोकांना उशिरा का होईना, कदर वाटली. मी मान लववून सगळ्यांना उलट नमस्कार करायला लागले. लहानांना "सुखी राहा" असा आशीर्वादही द्यायला लागले.

परवा आजोबा मागे येऊन उभे राहिले. जरा वेळ त्यांनी हे पाहिलं.

"अगं, हे काय चाललंय?"

"नमस्कार करतात ना लोक. घ्यायला नको?"

"तुला नाही करत," आजोबा म्हणाले. "फणसाला करतात."

हल्ली मी सकाळचा चहा स्वयंपाकघरातच घेते.